जुन्या मारुतीचे अडेल दार आणि कुर्टीचे बिनपाटीचे गॅरेज

गोव्यात फोंड्याहून कुर्टीमार्गे खांडेपारकडे जाताना रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या छपराचे एक छोटे गॅरेज लागते. त्यावर नावाची पाटी नाही. ते चालवणाऱ्या कारागिराला सगळे जण ‘मेस्त’ म्हणूनच ओळखतात. आमच्या १९९८ सालच्या मारुती ८०० च्या डाव्या पुढच्या दाराची लॅच आम्ही तेथे दुरुस्त करून घेतली आणि त्या कामाविषयीचा हा अभिप्राय आहे. मेस्तांनी नवी लॅच न बसवता जुनीच पूर्ववत चालू करून दिली, मजुरी साडेसहाशे रुपये झाली, आणि त्यानंतरचा अख्खा पावसाळा उलटून गेला तरी दार हलक्या हाताने लागते व तितक्याच सहजपणे उघडते. काम उत्तम झाले, परंतु कामाभोवतीच्या व्यवस्थेबद्दल तसे म्हणता येत नाही.

दोष कोणता होता, हे आधी नीट सांगितले पाहिजे, कारण ‘दार अडकते’ एवढ्या वर्णनावरून कोणताही कारागीर काहीही निदान करू शकतो. बाहेरचे हँडल उचलले की ते पूर्ण वर येत असे, पण दार जागचे हलत नसे. दार आधी तळहाताने आत दाबून धरले आणि त्याच अवस्थेत हँडल उचलले, तर मात्र ते उघडे. आतून उघडतानाही खांद्याने रेटा द्यावा लागे. लावताना दार पहिल्याच टप्प्यावर अडे आणि दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचण्यासाठी ते जोराने आपटावे लागे. पावसाच्या दिवसांत हा त्रास दुप्पट होई. त्या आसनावर बहुधा माझे वडील बसतात. त्यांच्या वयाला रेटा देऊन दार उघडणे जमत नसल्यामुळे, गाडी थांबली की कुणीतरी बाहेरून वळसा घालून येईपर्यंत त्यांना आत बसून राहावे लागे. गैरसोयीपेक्षाही चिंतेची गोष्ट म्हणजे दार पहिल्या टप्प्यावरच राहिले आणि ते कुणाच्या लक्षात आले नाही, तर गाडी तशीच रस्त्याला लागे.

कुर्टीला जाण्यापूर्वी दोन ठिकाणी विचारणा केली होती. एका मोठ्या वर्कशॉपने दार न उघडताच लॅच, बाहेरचे हँडल आणि खांबावरचा स्ट्रायकर (लॅच ज्यात अडकते तो भाग) असे सारे काही बदलण्याचा साडेतीन हजारांच्या आसपासचा अंदाज दिला. दुसरीकडे लॅचच्या फटीत डब्याचा फवारा मारून ‘झाले’ असे सांगण्यात आले. तो फवारा काही दिवस उपयोगी पडला आणि मग दार पहिल्यापेक्षाही अधिक हट्टी झाले. यात नवल काहीच नाही. डब्ल्यूडी-४० सारखे फवारे पाणी हटवण्यासाठी आणि गंज सैल करण्यासाठी चांगले असतात, पण त्यांतील द्रावक भाग उडून गेल्यावर मागे राहणारा तेलाचा थर अगदी पातळ असतो. जुने ग्रीस त्या द्रावकात विरघळून इकडेतिकडे पसरते, त्यात धूळ मिसळते आणि द्रावक सुकला की तोच चिकटा पुन्हा अधिक घट्ट बसतो. लॅचसाठी टिकाऊ ग्रीस लागते, आणि ते लावण्यापूर्वी आतला जुना मळ पूर्णपणे निघालेला असावा लागतो. फवारा ही फार तर या कामाची पहिली पायरी आहे.

मेस्तांनी गाडी आल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे कोणतेही हत्यार न घेता दार अनेक वेळा उघडले आणि लावले. त्यानंतर दार सताड उघडे ठेवून त्यांनी स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने लॅचमधला फिरता आकडा आत ढकलला. पहिला खटका वाजला, मग दुसरा वाजला. आता त्यांनी बाहेरचे हँडल उचलले आणि आकडा सुटला. तो सुटला खरा, पण चटकन नव्हे, काहीसा आळसावून. हीच परीक्षा त्यांनी आतल्या हँडलने पुन्हा केली. या साध्या परीक्षेत निदानाचा निम्मा भाग असतो, म्हणून ती समजून घेण्यासारखी आहे.

मोटारीच्या दाराची लॅच म्हणजे मुळात दोन तुकड्यांचा खेळ असतो. एक फिरता आकडा आणि त्याला अडवून धरणारी एक खिट्टी. दार लावले की खांबावरचा स्ट्रायकर आकड्याच्या खाचेत शिरतो आणि त्याला फिरवतो. आकडा फिरला की खिट्टी स्प्रिंगच्या जोराने त्याच्या दात्यात बसते. दाते दोन असतात, एक अर्ध्या टप्प्याचा आणि दुसरा पूर्ण टप्प्याचा. पूर्ण टप्पा चुकला तरी दार सपशेल उघडे पडू नये, यासाठी अर्धा टप्पा ठेवलेला असतो. हँडल उचलल्यावर दाराच्या आतील लोखंडी रॉड एक छोटी तरफ हलवतो, तरफ खिट्टीला उचलते आणि आकडा आपल्या स्प्रिंगने मागे फिरून स्ट्रायकरला सोडून देतो. आतले हँडल त्याच खिट्टीला दुसऱ्या रॉडने उचलते. खिडकीच्या कडेचे बटण दाबले की मधली तरफ बाजूला सरकते, हँडल रिकामे हलत राहते आणि दाराला कुलूप लागते. यापलीकडे या जुन्या गाडीच्या दारात मोटर नाही, वायर नाही आणि संगणकही नाही.

आता दार उघडे असताना आकडा सुटतो आणि दार बंद असताना सुटत नाही, तर दोष एकट्या लॅचमध्ये असू शकत नाही. बंद दारावर आतील रबराच्या बीडिंगचा दाब असतो आणि तो दाब आकड्यामार्फत खिट्टीवर येतो. एवढा दाब पेलून खिट्टी सुटावी अशीच तिची रचना असते. परंतु दार आणि स्ट्रायकर यांची पातळी जुळत नसेल, तर त्या दाबात घर्षणाची भर पडते आणि हँडलचा जोर अपुरा पडतो. आमचे दार आत दाबून धरल्यावर उघडत असे, त्याचे कारण हेच होते. दाबल्यामुळे खिट्टीवरचा भार क्षणभर हलका होई. “लॅच मेलें ना, दार देंवलां,” म्हणजे लॅच गेलेली नाही, दार खाली आले आहे, असे मेस्तांनी शांतपणे सांगितले आणि उघड्या दाराचे टोक दोन्ही हातांनी वर उचलून वरच्या बिजागरीपाशी होणारी हालचाल दाखवली. ही हालचाल आम्हाला त्यापूर्वी कुणीही दाखवली नव्हती.

दार खाली का बसले, याचाही उलगडा त्यांनी केला. वडिलांकडे एक नजर टाकून, ते उतरताना दाराच्या वरच्या कडेचा आधार घेतात का, असे त्यांनी विचारले. उत्तर होकारार्थी होते. म्हातारी माणसे उतरताना उघड्या दारावर सगळा भार देतात, आणि ८०० सारख्या हलक्या गाडीची बिजागरी वर्षानुवर्षे असा भार सोसत नाही. त्याहून मजेशीर पुरावा मधल्या खांबावर होता. स्ट्रायकरच्या वरच्या अंगाला रंगाची एक जुनी कड स्पष्ट दिसत होती. तो पूर्वी जेथे बसत असे, तेथून कुणीतरी त्याला खाली सरकवले होते. खाली आलेल्या दाराचा पाठलाग करत स्ट्रायकर खाली नेणे हा सोपा उपाय आहे, आणि त्याने काही महिने भागतेही. नंतर बिजागरी आणखी ढिली झाली की दार पुन्हा खाली येते आणि स्ट्रायकर सरकवायला जागाच उरत नाही. गाडीच्या मागील मालकाच्या काळातील ही दुरुस्ती असावी. मेस्तांनी त्यावर काही टिप्पणी केली नाही, फक्त त्या कडेवर नखाने एक रेघ ओढली.

निदान इतके स्पष्ट असूनही त्यांनी दाराचे पॅड, म्हणजे आतल्या बाजूचे आवरण, उतरवून आतली लॅच पाहण्याचा आग्रह धरला, कारण आकडा आळसावला होता हेही खरेच होते. हे काम त्यांनी ज्या पद्धतीने केले, ती सांगणे हा अभिप्राय लिहिण्यामागचा एक मोठा हेतू आहे. काच फिरवण्याचे हँडल या गाडीत तारेच्या एका लहान क्लिपने अडकवलेले असते आणि ती क्लिप हँडलच्या मागे लपलेली असते. अनेक ठिकाणी हे हँडल स्क्रू ड्रायव्हरने उचकटून काढतात आणि त्यात पॅड चिरते. मेस्तांनी एक जुने सुती फडके हँडल आणि पॅड यांच्या फटीत घातले आणि दोन्ही टोके धरून ते पुढेमागे ओढले. फडक्याच्या धाग्यांनी क्लिप पकडली आणि ती टपकन बाहेर आली. हात ठेवण्याच्या दांड्याचे व आतल्या हँडलच्या चौकटीचे स्क्रू काढून झाल्यावर त्यांनी पॅडच्या कडेने चपटी पट्टी सरकवत प्लास्टिकच्या खुंट्या एकेक करून सोडवल्या. त्यांतील काही खुंट्या मोडल्या. पंचवीस वर्षे जुन्या प्लास्टिकचे तसे होणारच, आणि त्यासाठी मी कुणालाही दोष देणार नाही.

पॅडमागचा पॉलिथिनचा कागद बाजूला केल्यावर दाराच्या तळाशी लाल मातीचा ओला थर दिसला. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मोटारीच्या दारात काचेच्या कडेने पाणी शिरणे हा दोष नव्हे. ते शिरणार हे गृहीत धरूनच दाराच्या खालच्या कडेला पाणी वाहून जाण्याची भोके ठेवलेली असतात. आमच्या दारातील ती भोके बुजली होती, आणि तीही केवळ मातीने नव्हे. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी गाडीला गंजरोधक काळा लेप देऊन घेतला होता. तो लेप देणाऱ्याने दाराच्या खालच्या कडेवर इतका सढळ हात चालवला होता की भोकेच लिंपली गेली होती. गंज थांबवण्यासाठी दिलेल्या लेपामुळे दारात पाणी साचत राहिले, ते ऊन पडले की आतल्या आत वाफाळत राहिले आणि लॅच कायम दमट हवेत राहिली. मेस्तांनी तारेने भोके मोकळी केल्यावर पाण्याची एक तांबूस धार जमिनीवर आली. ज्यांनी जुन्या गाडीला असा लेप दिला आहे, त्यांनी निदान दारांची आणि दाराखालच्या पट्टीची (सिलची) भोके एकदा बोटाने चाचपून पाहावीत.

लॅच दाराच्या कडेला तीन स्क्रूंनी बसवलेली असते आणि हे स्क्रू फार घट्ट असतात. साध्या स्क्रू ड्रायव्हरने जोर लावला की त्यांच्या डोक्यावरची चौफुली झिजते, आणि मग ड्रिल मारण्याखेरीज मार्ग उरत नाही. मेस्तांकडे हातोडीने ठोकून फिरवण्याचा इम्पॅक्ट ड्रायव्हर होता. प्रत्येक स्क्रूवर एकेक ठोका देऊन त्यांनी तिन्ही स्क्रू शाबूत सोडवले. काच पूर्ण वर चढवून ठेवल्यामुळे आत हात घालायला जागा झाली, रॉडच्या क्लिपा सुटल्या आणि लॅच खालच्या मोठ्या भोकातून बाहेर आली.

ती पाहिल्यावर नवी बसवण्याची गरज का नाही, हे माझ्यासारख्या अनभिज्ञ माणसालाही समजले. पत्र्यावरचा जस्ताचा पिवळसर मुलामा काही ठिकाणी उडून हलका गंज धरला होता, पण आकड्याचे दाते धारदार होते आणि खिट्टीची कड झिजलेली नव्हती. स्प्रिंगाही शाबूत होत्या. आकड्याभोवती मात्र जुने ग्रीस, माती आणि बहुधा त्या फवाऱ्याचा उरलेला अंश यांचा डांबरासारखा काळा गोळा जमला होता, आणि त्यामुळेच आकडा मागे फिरताना रेंगाळत होता. ही लॅच रिबीट मारून बंद केलेली असल्यामुळे तिचे सुटे भाग काढता येत नाहीत, ती अखंडच धुवावी लागते. मेस्तांनी ती रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवली, मधूनमधून ब्रश फिरवला, आकडा व खिट्टी हाताने हलवत राहिले, आणि रॉकेल काळे झाले की ते बदलले. त्यानंतर हवेच्या नळीने ती कोरडी केली. येथे घाई केली असती तर सारे मुसळ केरात गेले असते, कारण आत रॉकेल राहिले की ते नवे ग्रीसही पातळ करून टाकते. लॅच पूर्ण कोरडी झाल्यावर त्यांनी सांध्यांपुरते लिथियम ग्रीस लावले आणि जास्तीचे पुसून घेतले. ग्रीस थापून भरू नये, अतिरिक्त ग्रीस म्हणजे धुळीला दिलेले आमंत्रण, असे ते काम करता करता त्यांच्या शिकाऊ मुलाला सांगत होते.

रॉड परत बसवतानाचा एक तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. बाहेरच्या हँडलचा रॉड ज्या प्लास्टिकच्या क्लिपमध्ये बसतो, तिच्यात आट्यांमुळे रॉडची लांबी कमी-अधिक करता येते. हँडल उचलताच दार झटकन उघडावे म्हणून बरेच जण हा रॉड ताणून बसवतात. मेस्तांनी मात्र हँडलला सुरुवातीला थोडी मोकळी चाल ठेवली. रॉड ताणलेला असला तर हँडल न उचलताही खिट्टी अर्धवट उचललेली राहते, दात्यात तिची पकड कमी होते, आणि खड्ड्यात आदळल्यावर दार उघडू शकते. झटकन उघडणारे दार दाखवून गिऱ्हाईक खूश करण्याऐवजी त्यांनी किंचित ढिलाई ठेवून सुरक्षितता पत्करली, आणि याबद्दल मी त्यांना अधिक गुण देतो. रॉडच्या जीर्ण झालेल्या दोन क्लिपा त्यांनी आपल्या डब्यातून काढून बदलल्या आणि त्यांचे पैसे घेतले नाहीत.

शेवटी मूळ दुखण्याकडे वळून त्यांनी दाराखाली जॅक आणि लाकडी ठोकळा ठेवला, बिजागरीचे बोल्ट सैल केले, दार काही मिलिमीटर वर घेतले आणि बोल्ट पुन्हा आवळले. बिजागरीची पिन बदलण्याइतकी झिजलेली नाही, पण आधार घेण्याची सवय सुटली नाही तर दोन-तीन वर्षांत ती बदलावी लागेल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. स्ट्रायकर त्याच्या मूळच्या रंगाच्या कडेवर परत नेऊन बसवला. लॅच नेमकी कोठे टेकते, हे पाहण्यासाठी त्यांनी स्ट्रायकरवर खडू घासला, दार हळूच लावून उघडले आणि खडू कोठे पुसला गेला ते पाहिले. हे एकदोन वेळा करून, स्ट्रायकर किंचित बाहेर घेऊन, मगच स्क्रू पूर्ण आवळले. दार लावल्यानंतर त्याची कड मागच्या दाराच्या कडेशी समपातळीत आहे की नाही, हे त्यांनी बोट फिरवून तपासले. बाहेर आलेली कड म्हणजे वाऱ्याचा आवाज आणि पावसाचे पाणी, आणि आत गेलेली कड म्हणजे पुन्हा आपटावे लागणारे दार.

आता उणिवा. गॅरेजमध्ये दिलेली वेळ पाळली जात नाही. सकाळी गाडी घेऊन गेल्यावर दुपारपर्यंत मेस्त एका टेम्पोच्या कामात गुंतले होते, आणि आपला क्रमांक केव्हा येईल हे कुणी सांगत नव्हते. बसायला एक बाकडे आहे, पण वृद्ध माणसाला घेऊन तेथे थांबण्यात अर्थ नाही. छापील पावती मिळत नाही. मागितल्यावर कागदाच्या तुकड्यावर रक्कम लिहून दिली, तिच्यात कामाचा तपशील नव्हता. पॅडच्या मोडलेल्या खुंट्या त्यांच्याकडे नव्हत्या. त्या फोंड्यातल्या सुट्या भागांच्या दुकानातून आणून देण्यास सांगितले, आणि त्यासाठी मला मधेच उठून जावे लागले. पॉलिथिनचा जुना कागद त्यांनी तोच परत लावला. तो एका कोपऱ्यात फाटला होता, आणि तेथे चिकटपट्टी लावण्याऐवजी त्यांनी काळा सीलर फासला. त्याचे डाग पॅडच्या कडेला उठले आणि ते आजही निघालेले नाहीत. अशा पॉलिथिनचे काम दाराच्या आतले पाणी पॅडपर्यंत न पोहोचू देणे हे असते, म्हणून तो नवा लावायला हवा होता. पुढे मी स्वतः जाड प्लास्टिकचा कागद कापून लावला.

किल्लीच्या कुलपाचे काम त्यांनी नाकारले. किल्ली थोडी जड फिरत होती, पण ते किल्लीवाल्याचे काम आहे, माझे नव्हे, असे ते म्हणाले. हे उत्तर मला आवडले. कुलपाच्या छिद्रात तेल सोडून वेळ मारून नेणे त्यांना सहज शक्य होते. तेथे तेलाऐवजी ग्रॅफाइटची कोरडी पूड घातलेली बरी, कारण तिच्यावर धूळ चिकटून राहत नाही. ती मी घरीच पेन्सिलीचे शिसे घासून घातली आणि किल्ली हलकी झाली.

नवी लॅच घ्यावी की जुनी दुरुस्त करावी, हा प्रश्न ८०० च्या मालकांना यापुढे वारंवार पडणार आहे. डिसेंबर १९८३ मध्ये सुरू झालेले या गाडीचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. पंचवीस लाखांहून अधिक गाड्या बनल्या असल्यामुळे सुटे भाग अजून मिळतात, पण दुकानात पुढे येणारा प्रत्येक भाग कंपनीचाच असतो असे नाही. खुंट्या आणायला गेलो तेव्हा कुतूहलापोटी मी स्थानिक बनावटीची एक लॅच हातात घेऊन पाहिली. तिचा पत्रा जाणवण्याइतका पातळ होता आणि आकडा रिबिटीभोवती डावीउजवीकडे डुलत होता. आमची रॉकेलमध्ये धुतलेली जुनी लॅच त्या नव्या लॅचपेक्षा निश्चितच घट्ट होती. भंगारातून जुनी लॅच आणण्याचा पर्याय आहे, मात्र डाव्या-उजव्या आणि पुढच्या-मागच्या दारांच्या लॅच वेगवेगळ्या असतात, हे विकणाऱ्याला नेहमी ठाऊक असतेच असे नाही. आपली जुनी लॅच सोबत नेऊन शेजारी ठेवूनच ती निवडावी, आणि दुकानातच आकडा ढकलून दोन्ही खटके ऐकू येतात का ते पाहावे. दाते किंवा खिट्टीची कड झिजून गोल झाली असेल, तर मात्र धुणे आणि ग्रीस यांचा काही उपयोग नाही. तेथे कंपनीची नवी लॅच घेण्यात कंजुषी करू नये.

पैशांचा विचार केल्यास, साडेसहाशे रुपये मजुरी आणि खुंट्यांचे थोडेसे पैसे यांत लॅच, बिजागरी, स्ट्रायकर आणि पाण्याची भोके असे चारही विषय मिटले. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील खासगी मोटारीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क सहाशेवरून थेट पाच हजार रुपये झाले. त्यामुळे जुनी गाडी ठेवणारा माणूस आता प्रत्येक दुरुस्तीचा हिशेब काटेकोरपणे करतो. मोठ्या वर्कशॉपच्या अंदाजाप्रमाणे साडेतीन हजार खर्च केले असते, तरी खाली बसलेले दार खालीच राहिले असते आणि नवी लॅच त्याच घर्षणात अडकली असती. तेथे हमी व छापील पावती मिळते हे खरे आहे, परंतु चुकीच्या भागाची हमी घेऊन काय करायचे?

ज्यांच्या गाडीत सेंट्रल लॉकिंग आहे, त्यांनी मात्र या गॅरेजच्या वाटेला जाऊ नये. वायर आणि मोटर असलेल्या दाराला मेस्त हात लावत नाहीत, आणि ते तसे सरळ सांगतात. ८००, ओम्नी, जुनी झेन, पद्मिनी अशा निव्वळ रॉड आणि स्प्रिंग असलेल्या गाड्यांसाठी हे ठिकाण योग्य आहे. रविवारी गॅरेज बंद असते, आणि गणेश चतुर्थीच्या आठवड्यात ते केव्हा उघडेल याचा भरवसा नसतो. फोन बहुधा उचलला जात नाही, त्यामुळे आदल्या संध्याकाळी प्रत्यक्ष जाऊन वेळ ठरवावी. पॅडच्या डझनभर खुंट्या आणि एक जाड प्लास्टिकचा कागद आधीच विकत घेऊन न्यावा. शक्य झाल्यास हे काम मे महिन्यात उरकून घ्यावे, कारण जून लागला की छपराखालची जागा इंजिनात पाणी शिरलेल्या गाड्यांनी भरून जाते आणि दाराच्या कामाला कुणी विचारत नाही.